काळं पान आणि अण्णांचा आवाज

सकाळी रडवेली झाले होते, आता हसू येतंय, म्हणून सांगते.

आमचे वडील, अण्णा, देगलूरच्या विहारात भीमगीतं गायचे. ते गेले, त्यांच्या गाण्यांची घरातली कॅसेटही खराब झाली. त्यांचा आवाज आता फक्त लोकगीतांच्या एका वेबसाइटवर आहे. आज आईला ऐकवायला ती उघडली, तर सगळं पान काळं आणि वर इंग्रजीत चार ओळी.

म्हटलं, "आई, अण्णांची गाणी गेली."

आई भाकरी थापत होती. "काय लिवलंय ते वाच की आधी."

वाचलं. कॉपीराइटचा नवा कायदा येऊ घातलाय, त्याच्या विरोधात साइट आज एक दिवस बंद.

"मग बंद पाळलाय म्हण की. शटर खाली हाय, दुकान जळलं न्हाई. उद्या उघडंल."

जीव भांड्यात पडला. मी कम्प्युटर शिकवते, आणि हे आईनं मला सांगितलं.

"पण बंद कशापायी?"

पुढचं वाचलं. गाणं कुणाचं ते सिद्ध झालं नाही, तर साइटला ते काढावं लागेल.

अण्णांनी ती गाणी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली, मूळ कुणी रचली ते आम्हालाही ठाऊक नाही. तुमच्या घरात गायली जाणारी गाणी कुणी लिहिली, तुम्हाला सांगता येईल?