देवळाभोवती फिरणारा ठिपका

बोलायचं बटण दाबण्याआधी अण्णा डावा तळहात हवेत धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “आधी ऐका.” मग खोलीतले सगळे गप्प. रेडिओतून नुसती खरखर यायची. त्या वाहिनीवर दुसरं कोणी बोलत नाही याची खात्री पटली की हात खाली यायचा आणि ते परवान्यावरचं आपलं सांकेतिक नाव सांगायचे. एकेक अक्षर सुटं, शाळेत हजेरी देणाऱ्या मुलासारखं.

हॅम रेडिओची, म्हणजे घरातूनच रेडिओ केंद्र चालवण्याची, हौस असलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या गच्चीवर उंच लोखंडी नळी असते, घरात सोल्डरिंगचा वास असतो आणि बायको कंटाळलेली असते. अण्णांच्या घरी पहिल्या दोन गोष्टी होत्या. तिसरी नव्हती. त्यांच्या बायकोला, म्हणजे अक्कांना, नवऱ्याच्या या उद्योगाची गंमत वाटायची. “दिवसभर अनोळखी लोकांना हवा कशी आहे ते विचारतात,” त्या मला म्हणाल्या होत्या. “खिडकी उघडत नाहीत.”

मी पुण्याहून नोकरीसाठी बंगलोरला आलेली, एका सॉफ्टवेअर कंपनीत. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं ती. माझी खोली जयनगरात, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. रविवारी ते घरीच परवान्याच्या परीक्षेचा वर्ग घ्यायचे. मी तिथे गेले ती खरं तर मराठी पाटी पाहून. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. पुणं त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. “आमची मराठी जुनी, कपाटात ठेवलेली,” ते म्हणाले. “तुमची रोज धुतलेली.” एका सरकारी कारखान्यात टेलिफोनची यंत्रं जुळवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. गल्लीतले सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. ते मात्र मला कायम ‘तुम्ही’ म्हणायचे. परीक्षा पास झाल्यावर तर ‘मॅडम’. परवानाधारकाचा मान ठेवायचा असतो, असं त्यांचं म्हणणं.

नियमांच्या बाबतीत ते फार कडक होते. एकदा एका विद्यार्थ्याने परीक्षेआधीच गमतीत बटण दाबून “हॅलो” म्हटलं. अण्णांनी सेट बंद केला, वर्ग तिथेच संपवला आणि वहीत लिहून ठेवलं की अमुक वेळी आपल्या केंद्रावरून विनापरवाना प्रक्षेपण झालं. “कोण वाचणार आहे ही वही?” मी विचारलं. “मी वाचतो,” ते म्हणाले.

त्या दिवसांत त्यांना नवा नाद लागला होता. रेडिओवरून आवाजाऐवजी अक्षरं पाठवायची आणि अक्षरांबरोबर आपलं ठिकाण. मुलगी मैसूरला दिलेली. जावयाने परदेशातून उपग्रहांवरून ठिकाण सांगणारं एक यंत्र आणलं होतं, साबणाच्या डबीपेक्षा थोडं मोठं. अण्णांनी त्याला हातातला छोटा रेडिओ जोडला, मध्ये स्वतः बनवलेली एक सर्किटची डबी. दर दोन मिनिटांनी रेडिओ किर्र करायचा आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका सरकायचा. नकाशा त्यांनीच केलेला. महिनाभर ते सायकलवरून प्रत्येक चौकात थांबून आकडे टिपून आणत होते. गल्ल्या, बसथांबे, भाजीबाजार, देऊळ, सगळं त्यात होतं.

माझ्याकडेही त्यांनी तसा सेट बसवून दिला. मग इंग्रजी अक्षरांत निरोप यायचे: कापी तयार, या. कॉफीला ते कापीच म्हणत. एकदा अक्का पाठीशी उभ्या होत्या. “दोन गल्ल्यांवर तर राहते ती,” त्या म्हणाल्या. “गच्चीवरून हाक मारली तरी येईल.”

ठिपक्याची एक खोड होती. यंत्र टेबलावर ठेवलं तरी तो जागेवर राहायचा नाही. शेजारच्या घरात जायचा, रस्ता ओलांडायचा, परत यायचा. “उपग्रह ज्यांचे आहेत ते मुद्दाम स्वल्प चूक मिसळतात,” अण्णांनी समजावलं. “आपल्यासारख्यांना नेमकं ठिकाण कळू नये म्हणून. बघा, न उठता शेजाऱ्यांकडे जाऊन आलो.” मी हसले. ही गोष्ट मी नीट लक्षात ठेवायला हवी होती.

त्याच वर्षी अक्का विसरायला लागल्या. आधी गॅस, मग दिवस. मग शेजाऱ्यांची नावं. एका संध्याकाळी त्या भाजीला म्हणून गेल्या आणि तीन तासांनी कोणा रिक्षावाल्याने त्यांना आणून सोडलं. अण्णांनी दाराला कुलूप लावायला सुरुवात केली. कुलूप दिसलं की त्या दार वाजवायच्या, रडायच्या, “मला भाजी आणायची आहे” म्हणत तळहात लाल होईपर्यंत. चाळीस वर्षं रोज सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडलेली बाई. डॉक्टर म्हणाले, जमेल तितकं फिरू द्या.

ती कल्पना माझी होती. “त्यांच्या पिशवीत सेट ठेवू या, अण्णा. पिशवी घेतल्याशिवाय त्या बाहेर पडत नाहीत.”

“तिच्याकडे परवाना नाही,” ते म्हणाले.

“त्यांना कुठे बोलायचंय? यंत्र आपोआप पाठवेल.”

“माझं नाव पाठवेल. आणि मी तिथे नसेन. नियमात बसत नाही, मॅडम.”

“अक्कांसाठी एवढा नियम मोडला तर कोण विचारणार आहे?”

महिनाभर मी अधूनमधून तेच बोलत राहिले. एका सकाळी मी गेले तर ते जमिनीवर बसून पिशवीच्या तळाला कप्पा शिवत होते. जाड दोरा, मोठी सुई. ठिकाण सांगणारं यंत्र काठाशी, पातळ कापडाखाली, आकाश दिसेल असं. “वहीत लिहून ठेवलंय,” एवढंच म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि ते चाललं. अक्का सकाळी निघायच्या, ठिपका त्यांच्याबरोबर. भाजीबाजार, देऊळ, परत घर. ठिपका मोठ्या रस्त्यापलीकडे गेला की अण्णा स्कूटर काढायचे आणि वाटेत सहज भेटल्यासारखे त्यांच्यासमोर उभे राहायचे. “अय्यो, तुम्ही इकडे कसे?” त्या विचारायच्या. दार वाजवणं थांबलं. अक्कांच्या तोंडावर पुन्हा जरा हसू दिसू लागलं. मला माझ्या कल्पनेचा अभिमान वाटत होता, हे इथे सांगून टाकते.

एका शनिवारी अण्णांना डोळे तपासायला जायचं होतं. डोळ्यांत औषध घालणार, दोन-तीन तास नीट दिसणार नाही. मला सुट्टी होती. मी त्यांच्या घरी पडद्यासमोर बसले. दहाला अक्का निघाल्या. “काय आणू तुला?” त्यांनी विचारलं. “मेथी,” मी म्हटलं.

ठिपका देवळापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. म्हणजे अगदी एका जागी नाही. देवळाच्या या बाजूला, मग मागे, मग पलीकडे, परत पुढे. मी डब्यातला चिवडा खात पाहत होते.

बाराच्या सुमारास दवाखान्यातून अण्णांचा फोन आला. “कुठे आहे?”

“देवळात, अण्णा. काळजी करू नका. प्रदक्षिणा घालताहेत बहुतेक. ठिपका गोल फिरतोय.”

पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. मग “सरी”, म्हणजे बरं, एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ते दीडला काळा चष्मा लावून, रिक्षाने आले. पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन उभे राहिले. “किती वेळ झाला?”

“तीन तास होतील.”

ते वळले आणि तसेच निघाले. चपला घातल्या नाहीत. मी मागून धावले. डोळ्यांत औषध असलेला तो माणूस भर उन्हात रस्ता चाचपत, गाड्यांच्या मधून पळत होता.

पिशवी देवळाच्या आवारात, फुलवालीच्या पाटाशेजारी ठेवलेली होती. फुलवालीने तिच्यावर ओलं फडकं टाकलं होतं, ऊन लागू नये म्हणून. “लक्ष ठेव, आत्ता येते म्हणाल्या,” ती कानडीत म्हणाली. “सकाळीच. मग बसथांब्याकडे गेल्या.”

आत रेडिओ किर्र झाला. दोन मिनिटं झाली असावीत.

अक्का तिसऱ्या दिवशी सापडल्या. यशवंतपूरच्या घाऊक बाजारात त्या पहिल्या दिवशी दुपारभर एका गोदामापाशी बसून होत्या. संध्याकाळी उलटी मागे घेत असलेल्या एका लॉरीचा धक्का लागला. हमालांनी सरकारी इस्पितळात पोचवलं होतं. नाव सांगता येत नव्हतं, म्हणून पोलिसांना दोन दिवस लागले.

त्या पुढे नऊ दिवस होत्या. अण्णा कॉटच्या शेजारी स्टुलावर बसायचे. एका दुपारी अक्कांनी डोळे उघडले आणि त्यांच्याकडे पाहून पदर सारखा करायचा प्रयत्न केला. “तुम्ही कुठले?” त्यांनी विचारलं, पाहुण्याला विचारावं तसं.

“जयनगरचा,” अण्णा म्हणाले.

“लांबून आलात,” अक्का म्हणाल्या. “जेवून जा.”

त्यानंतर त्या फारशा बोलल्या नाहीत.

अक्कांचे दिवस झाल्यावर मी अण्णांकडे गेले. जे सांगायचं होतं ते मी वाटेत दहादा घोकलं होतं. ठिपका थरथरतो हे मला माहीत होतं. त्यांनीच शिकवलं होतं. सेट पिशवीत ठेवायची कल्पना माझी, त्या दिवशी राखण माझी. ते सगळं मी एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“फोनवर तुम्ही प्रदक्षिणा म्हणालात,” ते म्हणाले. “तेव्हाच मला समजायला हवं होतं. तिचे गुडघे दुखायचे. तिनं दहा वर्षांत प्रदक्षिणा घातली नव्हती. मला माहीत होतं, मॅडम. पण तसं असेल तर बरं, असं वाटलं.”

त्यांनी मला रागावायला हवं होतं. मी तयारी करून गेले होते.

मग त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि एक पत्र टाइप करायला सांगितलं. परवाना देणाऱ्या कार्यालयाला. आपण परवाना नसलेल्या व्यक्तीकडे सेट दिला, इतके दिवस दिला, वहीत नोंद आहे, तरी परवाना परत घ्यावा. मी मध्येच एक वाक्य घातलं की ही सूचना त्यांच्या एका विद्यार्थिनीची होती. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हे काढा. परवाना माझा आहे.” मी काढलं. खाली त्यांनी सही केली, आधी नाव, मग ती सांकेतिक अक्षरं, मग काय वाटलं कोणास ठाऊक, अक्षरांवर एक रेघ मारली. त्या पत्राला उत्तर आलं का, मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात गच्चीवरची नळी उतरवलेली होती आणि रविवारचा वर्ग बंद झाला होता.

त्यांना दुसरी एक सवय लागली. दर गुरुवारी सकाळी ते बसने यशवंतपूरला जायचे. मला पुण्याला परत बदली मिळाली होती, निघायला थोडे दिवस उरले होते. एका गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढून त्यांच्याबरोबर गेले.

बाजारात शेंगदाण्याच्या गोदामापाशी हमाल त्यांना ओळखत होते. एकाने न सांगता दोन भरलेली पोती पुढे ओढली आणि वर गोणपाट टाकलं. आम्ही बसलो. अण्णा त्याला म्हणाले, “यांना सांग.”

त्याने पाठ झाल्यासारखं सांगितलं. म्हातारी इथेच बसली होती. त्रास काही दिला नाही. सगळ्यांना विचारत होती, जेवलास का. आई ताक घेऊन येतेय, थांबा म्हणाली. आम्ही चहा दिला तर अर्धा परत केला, भावाला ठेवा म्हणून. मग त्याला कोणीतरी हाक मारली आणि तो गेला.

“तिचं माहेर इथं होतं,” अण्णा म्हणाले. “या गोदामाच्या जागी. मागं एक विहीर आहे, फरशी टाकून बुजवलेली. मी शोधून काढली.” त्यांनी मान वळवून तिकडे पाहिलं, पण दाखवायला उठले नाहीत. “घर विकून तिची माणसं गेली, त्याला चाळीस वर्षं झाली. एकदा ती म्हणाली होती, जाऊन बघून येऊ. मी म्हटलं, तिथं आता काय आहे बघायला?”

लॉऱ्या मागे-पुढे होत होत्या. पोत्यांची धूळ उन्हात उडत होती आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर बसत होती. ते ती झटकत नव्हते.

अकराच्या सुमारास मला ऑफिसमधली कागदपत्रं पुरी करायला निघावं लागलं. “चला, अण्णा,” मी म्हटलं. “दोघं बरोबर जाऊ.”

“तुम्ही जा,” ते म्हणाले. “मी दुपारपर्यंत बसतो. ती संध्याकाळपर्यंत बसली होती. मला तेवढं होत नाही.”

मी रस्त्यापर्यंत आले आणि बसमध्ये चढले. खिडकीतून गोदाम दिसत होतं. कोणीतरी त्यांना चहाचा ग्लास दिला होता. तो त्यांनी दोन्ही हातांत धरला होता आणि ते समोर येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांकडे एकेक करून पाहत होते. बस निघाली. त्यानंतर मी अण्णांना पाहिलं नाही.