चौपट ताकदीची ट्यूब

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात एका माणसाने मला तिची आजी ठरवलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

साखरपुडा सावर्ड्याला, मुलाकडे होता. फोटोग्राफर त्यांच्याच ओळखीतला. मी नवी साडी सावरत हौसेने मुलीशेजारी जाऊन उभी राहिले, तर तो कॅमेऱ्यामागून म्हणाला, "आजी, जरा बाजूला व्हा हां. आधी नवरीच्या आईला येऊ दे." सगळा मांडव हसला. आमचे हे हसले. मुलगी तर पोट धरून हसली. मीही हसले, कारण तिथे रुसून करते काय? पण परतीच्या गाडीत मला खरंच रडू आलं. डोळ्यांत धूळ गेली म्हणून वेळ मारून नेली.

मी पन्नाशीच्या अलीकडची आहे, पलीकडची नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवता शिकवता इतकी वर्षं मैदानावर उन्हात पोरांची कवायत घेतली की कपाळावर आठ्यांच्या कायमच्या चौकटी पडल्या आहेत. लग्न मे महिन्यात होतं. फोटोग्राफर तोच असणार होता. माझं म्हणणं एवढंच होतं की त्या दिवशी त्याने मला न विचारता आई म्हणावं. बाकी आहेर, मानपान, जेवणात काय आणि किती, यातल्या कशाचीही मला पर्वा नव्हती.

परीक्षांच्या गडबडीत एप्रिल उजाडला, तेव्हा कुठे मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण बोलणं एकदम मुद्द्याचं. त्यांनी सुरकुत्यांसाठी रेटिनॉईडचं क्रीम लिहून दिलं. ०.०२५ टक्के. आठवड्यातून दोनदा, रात्री, तोंड कोरडं करून, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच. वरून साधं मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन लावायचं आणि उन्हात बसायचं नाही.

"आणि फरक कधी दिसेल?" मी विचारलं.

"तीन-चार महिने धरा. त्वचेला सवय लागली की मग ताकद वाढवता येईल. पहिलीतल्या पोराला तुम्ही सातवीचं पुस्तक देता का, बाई?"

पालकसभेत पालक माझ्यासमोर जशी मान हलवतात, तशी मी मान हलवली. म्हणजे एक अक्षरही आत गेलं नव्हतं.

दवाखान्याचा जिना उतरताना माझ्या डोक्यात गणित सुरू झालं. शून्य पूर्णांक पंचवीस सहस्रांश! इतके गुण मिळवणाऱ्या पोराला मी वर्गात उभं केलं असतं. शिवाय लग्नाला उरला होता जेमतेम महिना. काळ आणि कामाचं उदाहरण मी दर वर्षी फळ्यावर सोडवते. एका मजुराला भिंत बांधायला चार महिने लागतात, तर चार मजुरांना किती? व्यस्त प्रमाण. उत्तर, एक महिना.

मारुती मंदिराजवळच्या ज्या मेडिकलमध्ये मी शिरले, त्याचा मालक माझा जुना विद्यार्थी. मला बघून त्याने खिशातला हात आधी बाहेर काढला.

"यापेक्षा जास्त ताकदीचं आहे का रे?"

"आहे, बाई. शून्य पॉइंट एकपण येतं. पण डॉक्टरांनी..."

"०.०२५ ची किती पट झाली ही?"

"चौपट," तो लगेच म्हणाला.

"शाब्बास. ती दे."

त्याने दिली. दुसरं कोणी गिऱ्हाईक असतं तर बहुधा दिली नसती. पण सातवीत ज्या बाईंनी त्याला दशांश अपूर्णांकांवरून खिडकीपाशी उभं केलं होतं, त्यांच्याशी वाद घालायची त्याची आजही छाती नव्हती.

पहिल्या रात्री मी लावलं आणि सकाळी आरशात पाहिलं. काहीच नाही. दुसऱ्या रात्री जरा जास्त लावलं. आठवड्यातून दोनदा हा नियम आळशी लोकांसाठी असावा असं माझं मत झालं. पुढे वाटाणा गेला आणि त्या जागी चांगला लिंबाएवढा गोळा आला, तो मी उटण्यासारखा गळ्यापर्यंत चोळू लागले.

त्यातच रुखवताच्या आंबापोळ्या घालायच्या होत्या. आमच्या मिरजोळ्याच्या घराची गच्ची त्यासाठी फार चांगली, दिवसभर ऊन. मी आणि शेजारीच राहणारी माझी मोठी जाऊ ताटांत आंब्याचा रस ओतायचो, आणि मग कावळे येऊ नयेत म्हणून मी काठी घेऊन तिथेच बसायची. आंबापोळी उत्तम वाळली. तिच्या जोडीने मीही वाळले.

एक दिवस सकाळी तोंड धुताना पाणी झोंबलं. आरशात बघते तर गाल लाल, नाक त्याहून लाल, आणि हनुवटीची सालं निघालेली. आमचे हे दाढी करता करता थांबले आणि म्हणाले, "उकडलेली कुर्ली दिसतेस." बाजारातून चांगली भरलेली कुर्ली, म्हणजे खेकडी, आणली की ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात म्हणाले, म्हणून मी जास्त चिडले.

जाऊ धावत आली. "काय गो बाय, मिरची कुटताना हात लावलास काय तोंडाला?" मी खरं ते सांगितलं. ती कपाळाला हात लावून घरी गेली आणि कोकमतेलाचा गोळा घेऊन आली. हा गोळा आमच्याकडे भेगाळलेल्या टाचांना लावतात. "टाच काय नि तोंड काय, कातडीच ना ती?" असं म्हणत तिने तो पातळ करून माझ्या तोंडाला फासला.

डॉक्टरीणबाईंनी मला बघितलं आणि आधी हसू दाबलं, मग रागावल्या. सगळं बंद. नुसतं मॉइश्चरायझर. कातडी पूर्ण बरी झाल्यावर ०.०२५ पासून परत पहिली इयत्ता. "ताकद चौपट केली की फरक चौपट लवकर येत नाही, बाई. फक्त जळजळ लवकर येते," त्या म्हणाल्या. या उदाहरणात मजूर एकमेकांच्या अंगावर विटा टाकत होते, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

येताना मी मेडिकलवाल्यालाही झापलं. "मला अडवलं का नाहीस?"

"बाई," तो अगदी कळवळून म्हणाला, "तुम्हाला कोण अडवणार?"

लग्नाच्या आधी आठवडाभर मुलगी पुण्याहून रजा घेऊन आली. तिने माझं तोंड पाहिलं आणि बॅग खाली ठेवायच्या आत भाषण सुरू केलं. "आई, तू गणिताची शिक्षिका ना? लिहिलेला आकडा वाचता येत नाही? ही ट्यूब मी आत्ताच्या आत्ता फेकून देते." ट्यूब घेऊन ती आत गेली. ओरडा तिचा होता, पण आवाज थेट माझाच, वर्गातला.

हळदीला जावेने पहिलं बोट माझ्या गालाला लावलं आणि मी अशी किंचाळले की बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं.

लग्नाच्या सकाळी तोंडाची आग थांबली होती, पण नाकाची सालं अजून निघतच होती. त्यात आमच्याकडे बौद्ध पद्धतीच्या लग्नात पांढरी साडी. पांढऱ्यावर माझं नाक सिग्नलसारखं उठून दिसत होतं. आता तो फोटोग्राफर आजी म्हणणार की थेट पणजी, याचीच मला धास्ती होती.

पदराला पिन हवी म्हणून मी मुलीची बॅग उघडली. पिनांच्या डबीखाली माझी ट्यूब होती. मी सोडली होती त्याहून बरीच रिकामी.

"फेकलीस ना तू ही?"

आरशासमोर बसलेली नवरी पुटपुटली, "नाकावर पिंपल आला होता. म्हटलं, चौपट आहे, लवकर जाईल."

मी वाकून बघितलं. मेकअपच्या थराखाली तिचं नाक नव्या बटाट्यासारखं सोललं होतं. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण इतकी माया दाटून आली की नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्रिशरण, पंचशील झालं, हार घातले गेले, आणि फोटोग्राफर आला. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तरी नाक बाहेरच राहिलं. त्याने मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं.

"नवरीच्या आई ना तुम्ही? या, या, मध्ये उभ्या राहा."

उत्तर बरोबर आलं तरी रीत विचारायची मला सवय. "कशावरून ओळखलंत?"

"नाकावरून," तो म्हणाला. "दोघींचं अगदी सेम आहे."

मुलीने माझा हात दाबला. मी तिचा दाबला. मग आम्ही दोघी अशा हसत सुटलो की भिक्खूंनीही मान वळवून पाहिलं.

हल्ली मी आठवड्यातून दोनदा वाटाण्याएवढं ०.०२५ लावते आणि कपाळावरच्या चौकटी जरा पुसट झाल्या आहेत. पण हॉलमध्ये मोठा करून लावलेला फोटो त्या दिवसाचा आहे. दोघींची तोंडं उघडी, नाकं लाल, आणि माझ्या डोळ्यांभोवतीची एकूण एक सुरकुती स्पष्ट दिसते. घरी येणारा प्रत्येक माणूस तो बघून म्हणतो, लेक आईवर गेली हो.