देवीच्या लशीची चौकट

गावाला वाचनालयाचा भारी अभिमान होता, फक्त आत जाऊन वाचायचं तेवढं सोडून. बावडा आणि नरसिंहपूरच्या मधल्या त्या गावात करुणा बावीस वर्षं ग्रंथपाल होती, आणि गावाबद्दलचं तिचं मत बावीस वर्षांत तसूभरही सुधारलं नव्हतं. सकाळी पेपर यायचा, त्यातलं राशिभविष्याचं पान दुपारपर्यंत फाटायचं, बाकीची पानं कोरी करकरीत राहायची. विज्ञानाच्या कपाटाला तर कुणी शिवत नसे. जंतूंची, ताऱ्यांची, अणूची पुस्तकं तिनं एसटीनं बारामतीला जाऊन निवडून आणलेली. ती तीच वाचायची, तीच पुसून ठेवायची.

वाचनालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून बाहेरच्या भिंतीवर विज्ञानाचे बारा टप्पे रंगवायचं ठरलं, तेव्हा मात्र करुणाला हुरूप आला. दुर्बिणीपासून चांद्रयानापर्यंतची यादी तिनं तीन महिने खपून केली. प्रत्येक चौकटीखाली त्या विषयाचं पुस्तक कुठल्या कप्प्यात आहे तेही लिहायचं होतं. न जाणो, एखादा चुकून आत यायचा.

समितीनं यादी पाहिली आणि समितीतले शहाणे जागे झाले. अध्यक्ष आबासाहेबांनी दुर्बिणीच्या आधी पुष्पक विमान बसवलं. सर्जेरावांना आपल्या वडलांनी आणलेला गावातला पहिला ट्रॅक्टर आठवला. मग एकाला पहिलं बोअर आठवलं, दुसऱ्याला पहिलं शेडनेट. सगळं विज्ञान यांच्याच बांधावर जन्मलं होतं, हे करुणाला बापडीला ठाऊकच नव्हतं. चौकटी बाराच, त्यामुळे जंतू गेले, अणू गेला, क्ष-किरणही गेले. तिनं दात-ओठ खात सोसलं. एका चौकटीवर मात्र ती अडून बसली. ती देवीच्या लशीची, भिंतीवर रंगवूनही झालेली. तिच्या आईच्या, भागुबाईच्या तोंडावर देवीचे व्रण होते, आणि त्याच साथीत आईचे दोन भाऊ गेले होते.

"रोगराईचं चित्र दर्शनी कशाला?" आबासाहेब म्हणाले. "उद्घाटनाला पाहुनं येनार. तितं माझा फोटू लावू. पन्नास वर्सं संस्था चालवली, त्यो काय टप्पा न्हाय?"

"ती चौकट पुसली तर माझा राजीनामा घ्या," करुणा म्हणाली.

"द्या की. आमची राजनंदिनी घरी मोकळीच हाय."

सुनेला नोकरी आणि सासऱ्याला भिंत. करुणानं त्या दुपारी डबा उघडलाच नाही. रात्रभर राजीनाम्याचे चार खर्डे केले आणि सगळ्यात सभ्य होता तो ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन ती आली तेव्हा समिती भिंतीसमोर उभी होती आणि सिद्धू पेंटर चुन्याची बादली घेऊन शिडीवर चढत होता. रागाच्या भरात करुणा डबा घरीच विसरली होती, तो घेऊन मागोमाग भागुबाई आली. शहात्तर वर्षांची बाई, दम लागला म्हणून पायरीवर टेकली.

"काय पुसतुयास, बाबा?" तिनं सिद्धूला विचारलं.

"देवीची लस, आज्जी. हितं आबांचा फोटू यायचाय."

भागुबाईनं आबासाहेबांकडं पाहिलं. "आबा, जरा बाही वर करा."

आबासाहेब हसले. पण म्हातारीचा शब्द, चार माणसं बघत होती, त्यांनी बाही वर केली. दंडावर रुपयाएवढा जुना व्रण होता.

"टोचनारा आला तवा तुमच्या आईनं तुमाला कडब्याच्या गंजीमागं दडवलं हुतं," भागुबाई म्हणाली. "तुमी पाच वर्साचं. मी धा वर्साची, तुमच्या गोठ्यात शेन काढत हुते. माझं दोन भाऊ गेल्यालं डोळ्यांनी बघितलं हुतं मी. तुमच्या हाताला धरून वढत आनलं आनि टोचनाऱ्याम्होरं हुबं केलं. मग तुमच्या आईनं मला दाव्यानं मारलं. टोचलं म्हनून न्हाय. शिवलं म्हनून."

सर्जेराव ट्रॅक्टरच्या चित्राकडं बघत राहिले.

आबासाहेबांनी बाही खाली केली. "टोचल्यालं आठवत न्हाय," ते म्हणाले. "आंगूळ आठवतीया. आईनं त्या दिवशी दोनदा घातली हुती." मग कुणाकडंही न बघता त्यांनी सिद्धूला खाली उतरायला सांगितलं आणि गाडीत बसून निघून गेले. त्यांनी माफी मागितली, असं कुणी समजू नये. ती त्या घराण्याची रीतच नव्हती.

चौकट राहिली. करुणानं कागद फाडला, पण जिंकल्यासारखं तिला काही वाटेना. लशीवरची तीन पुस्तकं तिनं वाचली होती, सन तोंडपाठ होते, गावाला अडाणी म्हणताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती. आणि रोज समोर बसून भाकरी थापणाऱ्या बाईला तिनं एकदाही काही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दोघी आत जाऊन बसल्या. करुणानं डबा उघडला.

"आई, हे आजवर कधी बोलली न्हाईस गं?"

"काय बोलायचं? मार खाल्ल्यालं?" भागुबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "पोरगं जगलं. पुढं जाऊन असं निघंल, हे म्हाईत असतं..."

करुणानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"तरीबी वढलंच असतं मी," भागुबाई म्हणाली.