मोरीवरची चुन्याची रेघ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली, तोवर नाही. आज कागदावर लिहितोय, कारण आता गप्प राहिलो तर एका माणसाचं घर सुटेल.

माधवनगरजवळ जुन्या रेल्वेचा भराव आहे. रूळ कधीच उखडले. वर माजलेली वेडी बाभळ तोडून आम्ही दहा-बारा निवृत्तांनी तिथं फिरायची वाट केली. दर रविवारी सकाळी कोयते, खोरी घेऊन जायचो. अर्ज मी लिहिले, पाट्या मी रंगवल्या. 'सरांची वाट' म्हणायचे लोक. मला ते किती गोड लागायचं — कसं सांगू?

मग सदाशिवबापू आले. जन्मभर रेल्वेत गँगमन. फारसं बोलले नाहीत. भरावाखालून पाणी जायची मोरी बुजली होती, तिच्यात उतरून उपसायलाच लागले. महिन्याभरात सगळे त्यांनाच विचारू लागले. फिरायला येणाऱ्या बायका थट्टा करत, "आवं बापू, रेल्वे गेली, तुमची ड्युटी काय संपंना!" चहाचा पहिला कप त्यांना. कराडहून पाहुणे आले, तेव्हा फोटोत मधोमध बापू. मी कडेला — माझ्याच पाटीमागं अर्धा.

एवढ्यानं माणूस जळतो? मी जळलो.

बापूंची एक सवय होती. मोरी साफ झाली की तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घ्यायचे आणि कमानीच्या आत वरच्या बाजूला, पाऊस-पाणी लागत नाही तिथं, आडवी रेघ ओढायचे. खूण असली तर काम झालं. नसली तर झालं नाही. नोकरीत अंगवळणी पडलेलं.

सात वर्षांपूर्वीचा उन्हाळा. बापूंनी मोरी साफ केली आणि चार दिवस लेकीकडं वाईला गेले. त्या संध्याकाळी मी एकटा भरावावर गेलो. तोडलेली बाभळ ओढत नेली आणि मोरीच्या तोंडात कोंबली. हात ओरबाडले, तरी थांबलो नाही. एवढंच केलं असतं तर — पण मी ओला टॉवेल घेऊन आत वाकलो आणि ती रेघ पुसली.

दोन दिवसांनी वळीव कोसळला. पाणी तुंबलं, भराव फुटला, वाट तुटली. बापू परत आले तेव्हा सगळे तिथं उभे होते. कुणी त्यांना बोल लावला नाही. ते स्वतःच कमानीत वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खूण न्हाई, सर. म्हंजी मी केलंच न्हाई."

मी काय म्हणालो असेन? — "वय झालं, बापू. विसर पडतो."

ते पुन्हा वाटेवर आले नाहीत. भराव पुन्हा घातला, फोटोत पुन्हा मी मधे आलो.

परवा त्यांच्या घरी गेलो. गॅसच्या ओट्यावर चुन्याची रेघ. औषधाच्या डब्यावर रेघ. दाराच्या कडीशी रेघांवर रेघा. एकटे राहतात, मुलगा त्यांना पुण्याला न्यायला येतोय. बापूंनीच बोलावलंय त्याला. म्हणाले, "माजा मलाच भरवसा न्हाई, सर. त्या मोरीपास्नं." मी चहा पिऊन आलो.

हा कागद आज त्यांच्या हातात देणार आहे. माफ करा म्हणणार नाही.

मोरी बापूंनी साफ केली होती. रेघही ओढली होती. ती मी पुसली.