बोकडाचा चौथा भाग

"स्वल्प खोटं आहे," असं म्हणून अण्णा कादंबरी टेबलावर पालथी ठेवायचे. स्वल्प म्हणजे जरासं. पण त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ 'पार रद्दी' असाच असे.

कानडी मुलखातल्या चिकपेटेत आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय होतं. दोन कपाटं, एक बाक. पुस्तक परत करणाऱ्याने उभं राहून त्यावर चार शब्द बोलायचे आणि मगच दुसरं न्यायचं, असा नियम. तुम्हीही अशी वाचनालयं पाहिली असतील. सगळे "बरं आहे" म्हणून सुटतात. अण्णा सुटायचे नाहीत. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडायचे आणि संध्याकाळी आमच्यापुढे कादंबऱ्या.

एकदा त्यांनी एका नावाजलेल्या सामाजिक कादंबरीचा निकाल लावला.

"तिने पाहिलं नाही म्हणून हा प्राध्यापक तीन प्रकरणं खिडकीत उभा. मग कॉलेजात शिकवतंय कोण? आणि ती बाई. हातपाय धड, आणि नुसते उसासे. स्वल्प खोटं आहे."

"आणि तुमच्या जादूच्या कादंबरीतला तो सात डोक्यांचा राक्षस खरा?" मी विचारलं.

"त्याला सर्दी झाली तर सातही नाकं गळतात, तम्मा. तसं लिहिलंय. लिहिणाऱ्याने विचार केलाय."

धाकट्यांना ते तम्मा म्हणत. मला ते खपत नसे. मी तेव्हा जनजागृती करत होतो. 'राक्षस हाकला, माणसं वाचा' हे गुलाबी कागदावरचं पत्रक माझंच. देशात धरणं उभी राहतायत आणि आमचे लोक उडत्या पलंगावर बसून माणिक शोधतायत, याचा मला संताप होता. अजूनही आहे. जादूच्या कादंबऱ्यांचं कपाट रद्दीत घालावं आणि तिथे आरोग्य व सहकार यांवरची पुस्तकं ठेवावीत, असा ठराव मी मांडला.

अण्णा उभे राहिले. "ठरावाला ना नाही. पण राजपुत्र बोकड झालाय."

मग त्यांनी खुलासा केला. चार भागांची कादंबरी. तिसऱ्याच्या शेवटी चेटकिणीने राजपुत्राचा बोकड करून त्याला बेटावर बांधलं होतं, आणि चौथा भाग अजून छापून यायचा होता.

"त्याला माणूस होऊ दे, मग कपाट फेका. आधी बोकड करायचा आणि वर रद्दीत घालायचा, हा कुठला न्याय?"

मी न्यायावर बोललो, पिळवणुकीवर बोललो. तेवढ्यात एका आजोबांनी बेटावर त्याला चारा कोण घालतं, असं विचारलं आणि चर्चा तिकडेच वाहवली. अखेर ठरलं ते असं: राजपुत्र माणूस झाल्याची खात्री पटताच कपाट रिकामं करावं. एकमताने. मी सोडून.

पुढे दर सभेत पहिला विषय तोच. चिटणीस विचारायचे, "राजपुत्राचं काय?" अण्णा उठून सांगायचे, "अजून बोकडच." मग कळलं की प्रकाशकच धंदा गुंडाळून गावी गेला. चौथा भाग येणारच नव्हता. अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी मला रस्त्यातच गाठलं.

"तम्मा, तू पत्रकं लिहितोस. चार पानं लिही. करून टाक त्याला माणूस. घरी ती रोज विचारते."

मी त्यांच्या घरी गेलो तो भांडायलाच. खाटेवर त्यांच्या पत्नी, अक्का, पडून होत्या. कमरेखालचं सगळं गेलेलं.

"हाच का राक्षस हाकलणारा?" त्या म्हणाल्या. "बस. काठी बाहेर ठेवलीस ना?"

वाचायचे अण्णा, निकाल द्यायच्या अक्का. वाचनालयात आम्ही ऐकत होतो ते सगळं यांचं.

"पाय धड असून त्या बायका खिडकीत का उभ्या राहतात, तूच सांग. मी चिकपेट दोनदा फिरून आले असते." मग त्याच आवाजात, "डॉक्टर दिवाळीपर्यंत म्हणतात. बोकडाचं तेवढं बघ."

मी लिहिलं. मला जसं येतं तसं. माझा बोकड मंत्राची वाट बघत बसला नाही. त्याने बेटावरच्या शेळ्यांची संघटना केली. शेळ्यांनी दूध बंद केलं, चेटकिणीचा चहा बंद पडला, आणि ती वाटाघाटीला आली. मी वाचत होतो, अक्का डोळे मिटून ऐकत होत्या.

"सरी, ठीक आहे, माणूस झाला. मग घरी गेला का?"

"त्याने विजयी सभा घेतली आणि..."

"सभा असू दे रे. घरी कोणी वाट बघतंय का नाही त्याची?"

मी कागद खाली ठेवले आणि त्याला तोंडीच होडीत बसवलं. वादळ घालणार होतो, पण अण्णांनी नको म्हणून मान हलवली. वादळ काढलं. दारात त्याची आई उभी केली.

"पाय धुवायला पाणी दिलं तिने?"

"दिलं."

"गरम?"

"गरम."

"हे पूर्ण खरं आहे," अक्का म्हणाल्या.

दिवाळीच्या आधीच त्या गेल्या. अण्णा दुकान सोडून आनेकलला भावाकडे राहायला गेले. वाचनालयात परत आले नाहीत.

पुढच्या सभेत चिटणिसांनी सवयीने बाकाच्या त्या टोकाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले.

"ठराव तुमचाच आहे. राजपुत्राचं काही कळलं?"

मी उभा राहिलो.

"नाही," मी म्हटलं. "अजून बोकडच आहे."