रांगेच्या पुढचे साडभाऊ

माझ्या साडभाऊंइतका अस्वस्थ माणूस नागपूर जिल्ह्यात दुसरा नाही. उमरेडपासून सावनेरपर्यंत कुणाला तसा सापडलाच, तर दोघांची गाठ घालून द्यायला मी तयार आहे. फक्त ती चालता चालता घालावी लागेल, कारण दोघांपैकी एकही जागेवर थांबणार नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो. ते पोहे उभ्यानं खातात, पेपर गच्चीवर येरझारा घालत वाचतात आणि टीव्हीवरच्या बातम्या स्वयंपाकघर ते बैठक अशा फेऱ्यांमध्ये ऐकतात. त्यामुळे प्रत्येक बातमी त्यांना अर्धीच कळते आणि उरलेल्या अर्ध्यावर ते आमच्याशी वाद घालतात. त्यांच्या मुलीला पाहायला सावनेरची मंडळी आली होती, तेव्हा ते पाहुण्यांच्या खुर्च्यांभोवती इतके फिरले की मुलाच्या वडिलांनी शेवटी हळूच मला विचारलं, "यांचं काही हरवलं काय?" मी सांगितलं की भाऊजी पोस्टमन होते. एवढ्यानं त्यांचं समाधान झालं आणि लग्नही जमलं.

पोस्टमन म्हणून त्यांनी सगळी नोकरी जुन्या नागपुरातल्या महाल भागाच्या बोळांमध्ये सायकलवर काढली. त्या बोळांत समोरून स्कूटर आली तर दोघांपैकी एकाला श्वास आत ओढून घ्यावा लागतो. तिथं भाऊजी एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं खिडकीच्या गजांतून पत्र आत सारायचे, मागून हाक आली तर पाठीमागं वळून बघत पुढं जायचे, आणि वाटेत गाय आडवी बसली असेल तर पाय न टेकता, सायकल जागच्या जागी तोलून, ती उठायची वाट बघायचे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकदा गाय उठेपर्यंत शेजारच्या घरचा चहा झाला, त्यांनी तो सायकलवरच घेतला आणि कपबशीही परत केली. यातला चहा मी खरा मानतो. बशीबद्दल मला शंका आहे. पण निवृत्त झाल्यावर त्यांच्या पायांना जायला ठिकाणच उरलं नाही, आणि घरात सगळ्यांनाच ते जाणवायला लागलं.

त्याच सुमारास, पंचेचाळिशी ओलांडल्यावर, मी ट्रायथलॉनच्या क्लबात नाव घातलं. हा काय प्रकार आहे हे मी भाऊजींना समजावून सांगितलं: आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं. त्यांनी फेऱ्या मारत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मधात बसाचं कोठीच नाही?" मी नाही म्हणालो. "मंग चांगला खेळ आहे," ते म्हणाले, आणि पुढच्या रविवारी पहाटे आपली जुनी काळी सायकल घेऊन अमरावती रोडवर आमच्या मागोमाग आले. पोहता त्यांना येत नाही. पाण्यात तरंगायचं असेल तर अंग सैल सोडून स्वस्थ पडावं लागतं, असं कुणीतरी सांगितल्यापासून त्यांनी त्या विषयाचा नाद सोडला आहे.

आमच्या क्लबात डॉक्टर, इंजिनिअर, वकील असे लोक. सायकली अशा की एका बोटानं उचलाव्यात. तर्री पोह्यांच्या ठेल्यावर आम्ही थांबलो, तेव्हा भाऊजींनी बशी हातात घेऊन सगळ्या सायकलींभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "सायकली मस्त पळून राहिल्या तुमच्या. तुम्ही नुसते वरते बसून राहिले." कुणालाच राग आला नाही, कारण ते खरं होतं. आमच्यातल्या निम्म्या लोकांना चालत्या सायकलवर पाण्याची बाटली काढता येत नव्हती. मागं वळून बघितलं की सायकल वाकडी जायची, आणि एकामागोमाग रांगेत चालवताना पुढच्यानं ब्रेक दाबला की मागचे चारजण एकमेकांच्या अंगावर.

मग दर शनिवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर भाऊजींची शिकवणी सुरू झाली. पुस्तकातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी आम्हाला सरळ पोस्टमनकी शिकवली. विटांच्या दोन ओळी मांडून बोळ केला. जुन्या लग्नपत्रिका आणल्या आणि सायकल चालवत त्या एकमेकांच्या हातात द्यायला लावल्या. सगळ्यांत हळू कोण जातो याची शर्यत लावली. शेजारच्या सायकलस्वाराच्या खांद्यावर हात ठेवून, त्याला न पाडता, मैदानाला चक्कर मारायला लावली. ते स्वतः सगळीकडे एकदम असायचे. एकाची मान सरळ करून होते न होते तोच दुसऱ्याच्या कोपरावर चापट. "काहून गा, मागं पाहाले सांगतलं तं हँडलही मागं पाहून राहिलं तुयं?" हे मला. मी पडलो, तर उठवायला न येता लांबूनच म्हणाले, "पडला न? आता भीती गेली. चाल."

आमच्यात एक लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. दोन वर्षांपूर्वी पडून मनगट मोडल्यापासून त्या हँडलवरून हात काढायला धजत नव्हत्या. पाच तासांच्या फेरीत घोटभर पाण्यासाठी त्या थांबायच्या आणि मग रांग गाठताना दमून जायच्या. यंदा शर्यतीत उतरायचं त्यांच्या मनात होतं, पण या भीतीमुळे नाव देत नव्हत्या. भाऊजी त्यांना कधी रागावले नाहीत. त्यांच्या बाजूनं सायकल चालवत ते म्हणायचे, "डॉक्टरीणबाई, एकच बोट उचला. बाकीचे नऊ कामावर राहू द्या." पुढच्या शनिवारी दोन बोटं. असं करत करत पावसाळ्याआधी सुरू झालेली ती शिकवणी दिवाळीपर्यंत चालली, आणि एका संध्याकाळी बाईंनी एक पत्रिका माझ्या हातातून चालत्या सायकलवर घेतली, उघडली आणि नवरदेवाचं नाव वाचून दाखवलं. भाऊजी त्या वेळी पाठ करून विटा उचलत होते. डोळे पुसत होते असं माझं मत आहे.

रविवारच्या फेरीत रांगेच्या पुढे भाऊजीच असत. पुढच्यानं खड्डा, गिट्टी, वळण सगळं हातानं मागच्यांना दाखवायचं, हा नियम त्यांचाच. चालवताना त्यांची मान सारखी डावीकडे उजवीकडे फिरायची. अलीकडे ती जास्तच फिरायला लागली होती. आम्ही म्हणायचो, आता यांची मानसुद्धा स्वस्थ बसत नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही उमरेड रोडनं निघालो. कोळशाचे ट्रक सुरू व्हायच्या आत परतायचं होतं, म्हणून वेग चांगला होता. भाऊजी पुढे, त्यांच्यामागे डॉक्टरीणबाई, मग मी. डावीकडून शेतातून येणाऱ्या पांदण रस्त्यावरून कडब्याचा भारा लादलेली एक मोटरसायकल येत होती. मला ती लांबून दिसली. भाऊजींनी हात केला नाही, वेगही कमी केला नाही. मोटरसायकल डांबरी रस्त्यावर चढली तेव्हा बाईंनी डावा हात सोडून आम्हाला थांबायची खूण केली, दोन पायडल मारून त्या भाऊजींच्या डाव्या बाजूला आल्या, उजवा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि त्यांना हलकेच उजवीकडे नेलं. भाऱ्यातल्या कडब्याची टोकं बाईंच्या दंडाला ओरखडून गेली. पडलं कुणीच नाही.

भाऊजींनी सायकल थांबवली. "कोण होतं?" त्यांनी विचारलं.

बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काका, माझ्या नाकाकडं पाहा. मान हलवू नका." मग त्यांनी आपला हात त्यांच्या डाव्या बाजूनं हळूहळू पुढं आणला. "हात दिसला की सांगा." हात जवळजवळ नाकासमोर आला, तेव्हा भाऊजी म्हणाले, "आता दिसला." उजवीकडचं बरं होतं. डावीकडचं जवळजवळ नव्हतंच.

"कधीपासून, काका?"

"झाले असन सात-आठ महिने. मान फिरवली की दिसते न सगळं."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत यायचं नाही. थेंब घातले तर उरलेलं राहील. आता त्यांना सायकल बंद करा म्हणून कोण सांगणार, हा प्रश्न आला. ताईंनी, म्हणजे भाऊजींच्या बायकोनं, ते काम माझ्यावर सोपवलं. शनिवारी मी मनात वाक्यं जुळवत मैदानावर गेलो, तर भाऊजींनी सगळ्यांना आधीच गोळा केलं होतं. "पुढं चालणाऱ्यानं मागच्यायसाठी पाहाचं असते," ते म्हणाले. "मले आता माह्यापुरतंही पुरं दिसून नाही राहिलं. उद्यापासून पुढं डॉक्टरीणबाई." बाई काही म्हणायला गेल्या, तर ते विटा मांडायला निघून गेले.

त्या रविवारी आमची रांग बाईंच्या मागे निघाली. दर खड्ड्याला त्यांचा हात व्यवस्थित खाली जात होता. दुपारी ताईंचा फोन आला. "तुम्हीच सांगा यांले काही. पहाटेपासून गच्चीवर चकरा मारून राहिले. खालचा किरायेदार विचारून गेला, वरते बांधकाम काढलं काय म्हणून."

शनिवारची शिकवणी त्यांनी सोडली नाही. मैदानात मोटरसायकली नसतात. पण बाकीचे सहा दिवस होतेच. म्हणून आता मी ऑफिसच्या आधी रोज सकाळी त्यांच्याबरोबर पायी फिरायला जातो. ते इतके भरभर चालतात की मला धाप लागते. "ट्रायथलॉनवाला ना गा तू?" ते विचारतात आणि आणखी वेग वाढवतात. बोलणं सगळं क्लबाचं असतं. बाईंनी शर्यतीला नाव दिलं का, नवीन आलेल्या वकिलाचं कोपर अजून ताठ राहतं का. मी त्यांच्या डावीकडून चालतो. हे आमच्यात कधी ठरलं नाही, त्याबद्दल आम्ही कधी बोललोही नाही. चौकात आलो की ते थांबतात. मान फिरवत नाहीत. समोर बघत उभे राहतात, आणि त्यांचा हात माझ्या कोपराला नुसता लागलेला असतो. डावीकडून एक ऑटो जातो, मग एक बस. मी म्हणतो, "चला भाऊजी." मग आम्ही रस्ता ओलांडतो.