सुधाताईचे अठ्ठ्याण्णव

अन्वी, मिहीर, सुधाआजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी हैदराबादला, हिमायतनगरच्या आपल्या बाल्कनीत पेपर वाचत होते. तिचा मुलगा प्रकाश म्हणाला, "मावशी, आई गेली. पहाटे... झोपेतच." मी "बरं" म्हटलं आणि त्याला विचारलं, "तू चहा घेतलास का?" का विचारलं कोण जाणे. मग पेपरची घडी नीट घातली आणि रद्दीत ठेवली. त्याला आता महिना होऊन गेला.

सुधाताई माझी मावसबहीण, माझ्याहून एका वर्षाने मोठी. व्हिडिओ कॉलवरही फोन कानाला लावून बसायची, त्यामुळे तुम्हाला तिचा बहुधा कानच दिसे. अन्वी, मागच्या वर्षी शाळेच्या लॅब रिपोर्टसाठी तू फोनवर माझ्याकडे मदत मागितलीस. ती तेव्हा माझ्याकडे आली होती, म्हणून मी फोन तिच्या हाती दिला. तिने तुला इतके प्रश्न विचारले की तू वैतागून "आजी, ते पुस्तकात आहे" म्हणालीस, आणि ती गप्प झाली. ती का गप्प झाली, ते तुला सांगायचं राहून गेलं.

आम्ही शाळेत होतो तेव्हा नारायणगुड्याला आमची घरं शेजारीशेजारी होती. मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं, ती मराठी शाळेत जाई. आमच्याकडे प्रयोग सिस्टर करून दाखवत आणि आम्ही हात मागे बांधून बघत असू. तिच्या शाळेत मुलींना स्वतःच्या हाताने करायला मिळे, म्हणून मला तिचा हेवा वाटे. त्याच सुमारास, छप्पन साली, हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. आपलं शहर आंध्रात गेलं, मराठी बोलणारे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि सुधाताईचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणत असू, त्यांना सरकारी नोकरीबरोबर मराठवाड्यातल्या एका लहान गावी जायचा हुकूम आला. तिथे मुलींच्या शाळेत सायन्स नव्हतं. शिवण आणि गृहशास्त्र होतं. सुधाताईला मॅट्रिकला सायन्सच हवं होतं. माझी आई म्हणाली, "राहू दे तिला माझ्याकडे." अण्णांनी विचार केला आणि अट घातली, "तिच्या सायन्सच्या बाईंना घरी येऊन सांगू दे, पोरगी सायन्समध्ये पास होऊन निघेल म्हणून. मग ठेवतो."

सायन्सच्या बाई चांगल्या होत्या. स्वतः उर्दूतून शिकलेल्या, त्यामुळे उत्कलनबिंदू म्हणायच्या आधी त्यांच्या तोंडून 'नुक्त-ए-जोश' निसटून जाई आणि मुली हसत. पण त्या शाळेत एक रीत पडून गेली होती. मुली आदल्या दिवशीच मोठ्या बहिणीच्या जर्नलमधून उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असं सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून आणत आणि प्रयोग दुसऱ्या दिवशी करत. आधी ताटं वाढायची आणि मग चूल पेटवायची, तसला प्रकार. सुधाताई निरीक्षणाची जागा मोकळी ठेवून जाई. पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा प्रयोग झाला तेव्हा वर्गातल्या सगळ्या जर्नलांत शंभर अंश होतं आणि तिच्या एकटीच्या जर्नलात अठ्ठ्याण्णव. बाईंनी लाल पेन्सिलीने लिहिलं, 'प्रयोग पुन्हा करा.'

तिने पुन्हा केला. तेच आलं. मग तिने बाईंकडून एका संध्याकाळपुरता थर्मामीटर मागून घेतला आणि कापसात गुंडाळून आमच्या घरी आणला. शेगडीवर पातेलं चढलं. आई म्हणाली, "अगं, पाणी उकळलं की उकळलं. त्याची कसली चौकशी करतेस?" पारा अठ्ठ्याण्णवावर चढला आणि तिथेच थांबला. थर्मामीटरच बिघडलेला असेल, हे तिचं तिलाच सुचलं, म्हणून आम्ही दोघी नामपल्ली स्टेशनजवळच्या बर्फवाल्याकडे गेलो. ती बर्फाच्या चुऱ्यात थर्मामीटर खुपसून बसली, तसा तो म्हणाला, "क्या बीबी, बरफ कू बुखार चढा क्या?" मी हसून लोटपोट झाले, ती हसली नाही. पारा बरोबर शून्यावर आला होता. म्हणजे थर्मामीटर ठीक होता. घरी येऊन तिने बर्फाचा प्रयोगही जर्नलमध्ये लिहिला, आणि अनुमानाखाली एवढंच की पाणी अठ्ठ्याण्णव अंशांना उकळते, कारण समजले नाही.

थर्मामीटर परत द्यायला मी तिच्याबरोबर बाईंच्या घरी गेले. बाईंनी पान वाचलं, चष्मा काढला. "सुधा, दोन अंशांसाठी वर्ष घालवू नकोस गं."

"बाई, दिसलंच नाही ते कसं लिहू?"

"आता परीक्षक कर्नूलहून येणार की विजयवाड्याहून, आम्हालाच ठाऊक नाही. त्यांच्यापुढे हे ठेवलं तर म्हणतील, हैदराबादच्या मराठी शाळेत पाणी उकळायलाही शिकवत नाहीत. शंभर लिही, मी आत्ता सही करते आणि उद्या अण्णांकडे येते."

सुधाताई पायाच्या अंगठ्याने फरशी घासत उभी राहिली. मग तिने सहीशिवायच जर्नल उचललं आणि आम्ही निघालो.

तरी बाई आल्या. अण्णांना म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. पण हट्टी आहे, आणि परीक्षेत हट्टाला गुण नसतात." त्या खोटं बोलल्या नाहीत, पण अण्णांना तेवढं पुरलं. "हट्टी मुलगी मी लोकांच्या घरी ठेवत नाही," ते म्हणाले. 'लोकांच्या घरी' हे शब्द माझ्या आईला फार लागले. ती उठून आत गेली.

त्यांची गाडी काचीगुड्याहून सुटायची होती. सामान चढलं होतं, आणि बाई घाईघाईने फलाटावर येताना दिसल्या. कुठल्याशा जुन्या उर्दू पुस्तकात त्यांनी कारण शोधून काढलं होतं. "आपलं शहर समुद्रापासून उंचावर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळतं. तुझं बरोबर होतं, सुधा. जर्नल कुठे आहे?" जर्नल ट्रंकेत होतं, ट्रंक वळकट्यांखाली. अण्णांनी एक शब्द न बोलता वळकट्या ओढून काढल्या आणि कुलूप उघडून दिलं. बाईंनी ट्रंकेच्या झाकणावर ठेवून सही केली.

"बाई, 'कारण समजले नाही' हे खोडू?"

"खोडू नकोस. तेव्हा समजलं नव्हतं, ते खरंच आहे. त्याच्या खाली लिही."

माझ्या आईने सुरुवात केली, "अण्णा, अजून..." अण्णा रुळांकडे बघत म्हणाले, "शाळेतून नाव काढलंय. दाखला खिशात आहे."

गाडी गेली. सुधाताई शिवण घेऊन मॅट्रिक झाली, तिचं लग्न झालं, औरंगाबादेत तिने उभा जन्म काढला. लॅबमध्ये ती पुन्हा कधी गेली नाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या झाल्यावर एकदा मी विचारलं, "शंभर लिहिलं असतंस तर?" ती म्हणाली, "तर तुझ्याकडे राहिले असते. आणि रोज मावशीच्या चहाचं आधण मला खोटं पाडत बसलं असतं." मग कानामागे केस सारत, "वाईट वाटतं गं विमल. नाही कसं वाटणार..."

तेराव्याला मी औरंगाबादला गेले. तिच्या घराच्या मागच्या पडवीत एक सतरंजी आणि एक ठेंगणी खुर्ची आहे. पाहुणे जेवून गेल्यावर शेजारची एक मुलगी जर्नल घेऊन तिथे आली. सुधाताईकडे आळीतल्या मुली जर्नल वाचून दाखवायला येत, हे मला प्रकाशने तेव्हा पहिल्यांदाच सांगितलं. मुलगी म्हणाली, "आजी नाहीत ते माहीत आहे. पण उद्या जर्नल द्यायचं आहे... वाचून दाखवू?"

"बाळ, मला सायन्स येत नाही."

"आजींना पण पुढचं पुढचं येत नव्हतं. त्या फक्त ऐकायच्या."

मी खुर्चीत बसले. तिने कांद्याचा पापुद्रा भिंगाखाली कसा दिसला ते सगळं वाचलं, आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "छान लिहिलंयस." ती तरीही बघत होती.

"इथे आजी काहीतरी विचारायच्या," ती म्हणाली.

"काय विचारायची?"

तिने थोडा विचार केला. "ते दर वेळी वेगळं असायचं."

मी पुष्कळ शोधलं. मला एकही प्रश्न सुचला नाही. तिने जर्नल मिटलं, सतरंजी झटकून भिंतीशी घडी करून ठेवली, आणि खुर्ची, मी उठल्यावर, जिथे असते तिथे सरकवली.